सोंडेभुंग्याचं अधिकृत भाषांतर

मिचोआकानच्या डोंगरात, सांता रोसालिया गावासमोर जे सिरांगा तळं आहे, त्यात पाणी आहे की नाही याबाबत शासनदरबारी एकवाक्यता नव्हती. जुन्या नकाशात तळं निळं होतं. विमानातून काढलेल्या नव्या फोटोत ते हिरवंगार होतं. हरित मोजणी मंडळाने फोटोवर विश्वास ठेवला, त्या जागेची 'नैसर्गिक कुरण' अशी नोंद केली आणि त्या वर्षीचा 'सर्वाधिक हरित वाढ' हा पुरस्कार नगरपालिकेला बहाल केला. नगराध्यक्ष भाषणात म्हणाले की, हे सगळं गावकऱ्यांच्या कष्टाचं फळ आहे. कष्ट खरेच होते. गावकरी रोज सकाळी कोयते घेऊन होडीपुढची जलपर्णी कापत, चार हात पुढे सरकत, आणि मागे वळून बघावं तर आलेली वाट बुजलेली असे.

या हिरवाईवर उपाय म्हणून शासनानेच गावात एक संशोधन केंद्र काढलं होतं. त्यात एक प्रिंटर, एक गच्ची आणि डॉ. एरेंदिरा वाकूस एवढी सामग्री होती. एरेंदिरा याच गावची. पुस्तकं उघडून किड्यांच्या मागे लागली ती चाळिशी आली तरी लागलेलीच. गच्चीवर बारा टाक्यांमध्ये तिने सोंडेभुंगे पाळले होते. तांदळाच्या कणीपेक्षा जरासा मोठा, राखाडी, पुढे वाकडी सोंड. जलपर्णी खाणं हा त्याचा एकमेव छंद. दुसरं काहीही पुढे ठेवलं तर उपाशी मरेल, पण तोंड लावणार नाही. एवढा तत्त्वनिष्ठ जीव एरेंदिराने ना विद्यापीठात पाहिला होता, ना राजधानीत.

अडचण एवढीच होती की, दक्षिणेकडून आणलेले भुंगे या डोंगरातल्या थंडीत टिकत नसत. म्हणून तिने त्यांचा जीनोम वाचला, म्हणजे भुंगा कसा घडवायचा याची त्याच्या पेशीत लिहिलेली सगळी कृती, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. कोणत्या घराण्याला थंडी सोसते, कोणतं घराणं जलपर्णीशी एकनिष्ठ आहे, ते त्यातून हुडकून सहा वर्षांत तिने एक काटक वाण तयार केला. आता डिसेंबरच्या हिमाआधी तो तळ्यात सोडायचा होता. गच्चीवरच्या टाक्या हिवाळ्यात तळापर्यंत गोठत. केंद्राची वीज हरित मोजणी मंडळाने 'कुरणाजवळ प्रयोगशाळेची आवश्यकता नाही' म्हणून कापली होती, त्यामुळे या खेपेला टाक्या गरम ठेवायची सोय उरली नव्हती.

"पोरी, तुझी ती ढेकणं पाण्यात कधी टाकणार?" दोन्या फिदेंसिया रोज खालून ओरडून विचारायची. 'दोन्या' म्हणजे मानाने 'बाई'; फिदेंसिया म्हणजे बाजारातली मासेवाली. बोटाएवढे रुपेरी चराल वाळवायची तिची चटई दोन वर्षं कोरडी होती. त्यावर आता शेजाऱ्यांची मांजरं झोपत.

"ढेकणं नाहीत, दोन्या. भुंगे."

"जे असेल ते. खाणार ना ते? मग उपाशी कशाला ठेवतेस बिचाऱ्यांना?"

"परवाना लागतो."

"खायला? अगं, मग मी साठ वर्षं चोरूनच जेवतेय की!"

परवाना देणारं कार्यालय टेकडीवर होतं. जैविक आगंतुक नियमन संचालनालय, विभागीय शाखा. मधे फरसबंद चौक, चौकात दगडी हौद, भोवती कमानी. प्रमुख होते एलिओदोरो बार्सेनास. बार्सेनास दुष्ट नव्हते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण दुष्ट माणसाशी निदान भांडता तरी येतं. ते उठून उभे राहत, खुर्ची पुढे करत, घरच्यांची चौकशी करत आणि मग अर्जातली चूक दाखवत.

"नाव?" त्यांनी प्रपत्र पुढे ओढून विचारलं.

"एरेंदिरा वाकूस."

"तुमचं नाही, डॉक्टरीणबाई. त्याचं."

तिने भुंग्याचं शास्त्रीय नाव सांगितलं.

"एकच आडनाव? दोन लागतात. एक बापाकडचं, एक आईकडचं."

"साहेब, तो भुंगा आहे."

"असं तुम्ही म्हणता. पुरावा?"

इथे एरेंदिराच्या हातून आयुष्यातली सर्वांत मोठी चूक झाली. तिने अभिमानाने सांगितलं की, पुरावा आहे, संपूर्ण जीनोम आहे, आणि पर्समधून पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. बार्सेनासांनी तो उलटसुलट करून पाहिला. "यावर शिक्का कुठे मारायचा?" ते खऱ्या काळजीने म्हणाले. "कागदावर आणा. तीन प्रतींत. प्रत्येक पानावर सही."

साठ कोटी अक्षरं. पानाला तीन हजार धरली तर दोन लाख पानं, आणि तीन प्रती म्हणजे सहा लाख. तालुक्याच्या छापखान्यातून मालट्रक आले. प्रत्येक पानावर सही करता करता एरेंदिराच्या सहीतून आधी आडनाव गेलं, मग नाव गेलं, शेवटी नुसती एक रेघ उरली. मासेमारी बंद असल्यामुळे गावातले होडीवाले मोकळेच होते. त्यांनी खांद्यावरून गठ्ठे टेकडीवर वाहिले. दोन वर्षांत पहिल्यांदाच गावाला काम मिळालं, आणि ते भुंग्यामुळे मिळालं, म्हणून लोक भुंग्याचं कौतुक करू लागले.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं.

"उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सादर केलेल्या दोन लक्ष पृष्ठांचे अवलोकन केले असता, त्यात आरंभापासून अखेरपर्यंत केवळ चार अक्षरांचा वापर झाल्याचे निदर्शनास आले आहे. शासकीय भाषेत सत्तावीस अक्षरे असून उर्वरित तेवीस अक्षरे वगळण्याचे कारण नमूद करावे. तसेच मजकूर आकलन न होणाऱ्या भाषेत असल्याने शपथबद्ध भाषांतरकाराकडून त्याचे अधिकृत भाषांतर जोडावे."

गावात शपथबद्ध भाषांतरकार एकच; नावाआधीचं 'दोन' म्हणजे आकडा नव्हे, 'श्रीयुत'. दोन आबुंदियो. उत्तरेकडे कामाला गेलेल्यांची पत्रं, जन्माचे दाखले, लग्नाचे कागद यांची भाषांतरं करून त्यांचे डोळे अधू झाले होते, पण शब्दाला पक्के. त्यांनी पहिला गठ्ठा सोडला, चष्मा चढवला आणि पहिल्या पानावरून बोट फिरवलं.

"बाई, यात कर्ता कुठे आहे?"

"कर्ता नसतो, दोन आबुंदियो. तीन-तीन अक्षरांचा एक मणी होतो. मण्यांची माळ होते. माळेतून पाय होतो, सोंड होते, भूक होते."

"भूक पण यातच लिहिलेली असते?"

"यातच."

म्हातारा हरखला. आठ दिवस आतोले, म्हणजे मक्याची गरम पेज, पीत तो पानं उलटत बसला. घरच्यांना वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. नवव्या दिवशी त्याने एरेंदिराला बोलावून एक कागद हातात ठेवला. त्यावर दोन ओळी होत्या आणि खाली शिक्का होता.

*मी भुंगा आहे. मला जलपर्णी आवडते.*

"एवढंच?" एरेंदिराने विचारलं.

"बाकीची सगळी पुनरुक्ती आहे," दोन आबुंदियो म्हणाले. "सरकारी कागदासारखीच."

एरेंदिराने कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली. तिचा स्वतःचा शोधनिबंध चाळीस पानांचा होता आणि त्यात याहून अधिक काही म्हटलेलं नव्हतं.

भाषांतर मंजूर झालं. बार्सेनासांना ते आवडलंही. मात्र दुसऱ्या वाक्यातल्या 'आवडते' या शब्दाखाली त्यांनी लाल रेघ मारली.

"हा कबुलीजबाब आहे, डॉक्टरीणबाई. ज्या कुरणाला पुरस्कार मिळाला, त्यातल्या वनस्पतीबद्दल हा इसम उघड उघड वाईट हेतू व्यक्त करतोय. आणि तुम्ही म्हणता, त्याला तिथेच सोडा."

"साहेब, ते कुरण नाही. तळं आहे. लहानपणी तुम्ही त्यात पोहला असाल!"

"पोहलो आहे," बार्सेनास हळूच म्हणाले. मग त्यांनी फोटो पुढे सरकवला. "पण हे बघा ना."

तोडगा म्हणून त्यांनी वर्तणुकीचा दाखला मागितला. त्यासाठी दहा भुंगे सीलबंद बाटलीत कार्यालयात जमा करायचे आणि कार्यालय त्यांच्यावर देखरेख ठेवणार. नियमाप्रमाणे जमा सजीवाचं नैसर्गिक खाद्य उपलब्ध ठेवणं बंधनकारक होतं, म्हणून एक बादली जलपर्णीही जमा करून घेण्यात आली आणि चौकातल्या हौदात सोडण्यात आली. बाटली कमानीखाली कपाटावर राहिली.

"पण ते खाणार कसे? बाटलीला लाख लावलीय!"

"उपलब्ध ठेवावे असं म्हटलंय, बाई. आत ठेवावे असं म्हटलेलं नाही."

त्या दहाही भुंग्यांचे आजे-पणजे एरेंदिराला ठाऊक होते. ती चार दिवस रोज टेकडी चढून कपाटापाशी उभी राहायची, आणि कारकून तिला प्रेमाने पाणी द्यायचे. पाचव्या दिवशी दाखला मिळाला: "नमुन्याची वर्तणूक उत्तम. कोणतीही हालचाल आढळली नाही. उर्वरित भुंग्यांनी हेच वर्तन ठेवल्यास परवान्याचा सहानुभूतीपूर्वक विचार करता येईल."

त्या दिवशी ती उतारावरून रडत खाली आली. फिदेंसियाने तिला मांजरांच्या शेजारी, कोरड्या चटईवर बसवलं आणि मक्याच्या पानात वाफवलेलं तामाल खायला घातलं.

"आपल्या गावात कोणालाच चांगलं वागल्याचा दाखला जिवंतपणी मिळालेला नाही," ती म्हणाली. "तू खा."

आता जलपर्णीला एक सवय आहे. तिला जागा मिळाली की पंधरवड्यात ती दुप्पट होते, आणि तिला बाटलीतल्या भुंग्यांचं काहीच भय नव्हतं. ऑक्टोबर संपता संपता हौद भरला. नोव्हेंबरात ती हौदाच्या काठावरून चौकात उतरली. मुळं मोरीत गेली, मोरी तुंबली, चौकात पाणी साचलं, पाण्यात पुन्हा जलपर्णी आली. खालच्या कप्प्यातल्या फायली फुगल्या. डास आले, डासांमागून बेडूक आले. आवक-जावक विभागात एका बेडकीने अंडी घातली आणि त्यांना आवक क्रमांक द्यावा की नाही यावर दोन दिवस चर्चा झाली.

कापून टाकायची सोय नव्हती. कागदोपत्री ती जलपर्णी म्हणजे जमा सजीवाचं खाद्य होतं, शासनाच्या ताब्यातला ऐवज. शिवाय हरित मोजणी मंडळाने नव्या फोटोवरून कार्यालयाचं अभिनंदनही केलं होतं. उरला एकच मार्ग. बार्सेनासांनी हौदात भुंगे सोडण्याचा रीतसर अर्ज स्वतःच्याच कार्यालयाला केला. अर्जदाराच्या खुर्चीत बसून तो लिहिला, टेबलाला वळसा घालून आपल्या खुर्चीत आले, अर्ज काळजीपूर्वक वाचला आणि त्यांना आढळलं की सही काळ्याऐवजी निळ्या शाईत आहे. त्यांनी तो परत पाठवला. दुसऱ्या दिवशी टपालातून तो त्यांच्याच हाती पडला. 'कळविण्यात येते की' हे शब्द वाचताना अर्जदाराला काय वाटतं, ते त्यांना बावीस वर्षांच्या नोकरीत प्रथमच कळलं.

त्याच दुपारी, पाटलोणीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडून, बूट हातात घेऊन, ते एरेंदिराच्या गच्चीवर आले. फिदेंसिया तिथेच बसलेली होती.

"या साहेब, या," ती म्हणाली. "मोज्यात चराल सापडले वाटतं?"

बार्सेनासांनी मान खाली घातली. "डॉक्टरीणबाई, थोडेसे भुंगे मिळाले असते तर..."

"कसे देऊ?" एरेंदिराने विचारलं. "उत्तम वर्तणुकीचे, की जिवंत?"

"जिवंत," ते म्हणाले. "पण परवाना देता येत नाही हो! मलाच मिळाला नाही, तर तुम्हाला कुठून देऊ?"

एरेंदिराने टाकीवरचं जाळीचं झाकण उचललं. पाण्याच्या कडेला बर्फाचा पातळ पापुद्रा धरू लागला होता. पानापानावर राखाडी ठिपके एकमेकांना बिलगून बसले होते. फार तर दहा दिवस, तिने मनाशी हिशेब केला. या माणसावर तिचा राग होता, आणि तो अगदी रास्त होता; पण राग धरायला दहा दिवस पुरणार नव्हते.

"साहेब, हौदातली हिरवळ काढायची म्हणजे काय हो?" फिदेंसियाने विचारलं. "बागकामच ना?"

"म्हटलं तर बागकाम."

"मग माळी ठेवायला परवाना लागतो का?"

बार्सेनासांनी वर पाहिलं. बराच वेळ ते नुसते ओठ हलवत कलमं आठवत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड पसरला, जो अर्जात चूक सापडल्यावरही एरेंदिराने पाहिला नव्हता.

"हंगामी माळी, विनावेतन! विभागीय प्रमुखाच्या अधिकारात! परवाना नाही, जाहिरात नाही... किती लागतील?"

"चार हजार," एरेंदिरा म्हणाली.

"चार हजार माळी?"

"संख्येला मर्यादा आहे?"

"वेतनाला आहे. संख्येला नाही." ते थांबले. "उंचीची अट मात्र होती, ती मागच्याच वर्षी रद्द झाली. भेदभाव नको म्हणून."

चार हजार नेमणूकपत्रं एकाच जावक क्रमांकावर निघाली. टाक्या टेकडीवर चढवायला सगळे होडीवाले आले. आडनावाच्या रकान्यात, बापाकडचं 'सोंडे' आणि आईकडचं 'भुंगे' असं लिहिण्यात आलं. हौदात भुंग्यांसकट पहिलं पान सोडताना बार्सेनासांनी खालच्या बाजूला पाहिलं. हौदाचं जास्तीचं पाणी एका दगडी पन्हळीतून उतारावरून थेट सिरांगाच्या काठाला उतरत असे, आणि जलपर्णीची तुटकी रोपं आताच त्यातून वाहत चालली होती. एरेंदिराला ही पन्हळ लहानपणापासून माहीत होती. तिने काही सांगितलं नव्हतं, कारण प्रपत्रात तसा रकाना नव्हता.

"माळ्यांनी कामाच्या वेळेत आवार सोडू नये, अशी अट घालू का?" बार्सेनासांनी पन्हळीवरची नजर न काढता विचारलं.

"घाला की. दोन आबुंदियोंकडून भाषांतर करून त्यांना वाचून दाखवू."

अट घालण्यात आली. माळी ती मोडून गेले.

त्या हिवाळ्यात गच्चीवर परत आणून ठेवलेल्या, आता नुसत्या पाण्याच्या टाक्या तळापर्यंत गोठल्या. एरेंदिरा रोज काठावर जाऊन पालथी पडून पानं बघायची. जानेवारीत काही दिसलं नाही. फेब्रुवारीत काही दिसलं नाही, आणि तिने स्वतःला बजावलं की सहा वर्षं फुकट जाणं हे शास्त्रात काही विशेष मानत नाहीत. मार्चमध्ये एका पानावर नखाने खरवडल्यासारखा लहानसा चौकोनी ओरखडा दिसला, शेजारी दुसरा. ती तशीच चिखलात पडून हसत सुटली. गुराख्यांना वाटलं, बाई घसरली. दोघं जण काठ्या घेऊन धावत आले.

पुढच्या वर्षीचा पाऊस ओसरला तोवर पानं तपकिरी पडली, देठ आतून पोखरून बसकण मारू लागले, आणि एका सकाळी फिदेंसियाची हाळी गावभर ऐकू गेली. "पाणी! मरियम आईची शपथ, पाणी!" खाटेएवढा तुकडा होता. त्यात आभाळ दिसत होतं. लोक काठावर उभे राहून त्याच्याकडे एखाद्या परगावाहून आलेल्या नातलगाकडे बघावं तसे बघत राहिले. सहा महिन्यांत तळं या काठापासून त्या काठापर्यंत उघडं झालं, आणि फिदेंसियाच्या चटईवरून मांजरांना उठवून चराल वाळत पडले. मांजरांचीही काही तक्रार नव्हती.

तक्रार होती हरित मोजणी मंडळाची. नव्या फोटोत कुरण नाहीसं झालं होतं. "नोंदणीकृत कुरणात विनापरवाना पाणी आढळून आल्याने" गावाला नोटीस निघाली आणि चौकशीसाठी ग्रामसभा बोलावण्यात आली. अध्यक्ष बार्सेनास, चिटणीस एरेंदिरा. सभा भरली काठावरच, कारण कार्यालयात बेडूक अजून होते. मागे लाटा आपटत होत्या, त्यामुळे नोटीस दोनदा मोठ्याने वाचावी लागली.

"ज्यांना या जागी पाणी असल्याचं मान्य आहे," बार्सेनासांनी घसा साफ करून विचारलं, "त्यांनी कृपया हात वर करावा."

एकही हात वर गेला नाही. नगराध्यक्षांना पुरस्कार परत करायचा नव्हता. ज्यांनी कुरण दाखवून चराईचे हक्क घेतले होते, ते आपल्या टोपीत काहीतरी शोधत होते. होडीवाल्यांना भीती होती की पाणी मान्य केलं तर मासेमारीचे जुने परवाने कुठेत म्हणून विचारतील. शिक्षक म्हणाले, आपण पडलो नोकर माणसं. आणि उरलेला प्रत्येक जण शेजारच्याचा हात वर जाण्याची वाट बघत होता. तो गेला असता तर आपलाही लगेच नेणार होता.

"दोन्या फिदेंसिया?" एरेंदिराला राहवलं नाही.

फिदेंसियाच्या डोक्यावर ताज्या चरालांची टोपली होती आणि तिचं पाणी टपटप इतिवृत्ताच्या वहीवर गळत होतं. "पोरी, माझे दोन्ही हात गुंतलेत ना," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच दुसरीकडे बघू लागली.

मग एरेंदिराने लेखणी खाली ठेवली आणि हात वर केला. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. बार्सेनासांनी त्या हाताकडे पाहिलं. त्यांचा स्वतःचा उजवा हात टेबलावरून बोटभर उचलला गेला, तिथेच थबकला, आणि त्याच हाताने त्यांनी पेला उचलून पाणी प्यायलं. "चिटणीसांना मताचा अधिकार नाही," ते पुटपुटले. "क्षमा करा, डॉक्टरीणबाई." या जागी पाणी नाही, असा ठराव एकमताने संमत झाला.

भुंग्यांना हा ठराव कळवण्यात आलेला नाही, त्यामुळे ते आपलं काम करतायत. कुरण कायम आहे. त्यावरून जाणाऱ्या होड्यांची नोंद आता बैलगाड्या म्हणून होते, आणि फिदेंसियाकडे चार हजार लहान गुरं चारण्याचा रीतसर दाखला आहे. ती गुरं ती तिखटमीठ लावून तळून विकते. एरेंदिराला बढती मिळाली. ती पुरस्कारप्राप्त कुरणाची संरक्षक झाली आहे आणि कुरण तपासायला रोज वल्ही घेऊन जाते.

इतिवृत्ताच्या अखेरीस, नियमाप्रमाणे, एक कलम जोडलेलं आहे. सभेस जे हजर नव्हते पण ज्यांच्या वाचनात हा वृत्तान्त नंतर येईल, त्यांनाही मताचा अधिकार आहे. अध्यक्षांनी प्रश्न विचारला त्या ओळीशी त्यांनी जिथे असतील तिथे हात वर करायचा होता. ती ओळ तुम्ही वाचलीत, गावकऱ्यांना हसलात आणि पुढे गेलात. तुमचा हात खालीच होता, अशी नोंद घेण्यात आली असून ठरावास आपली संमती गृहीत धरण्यात आली आहे.